हुद्दा आणि माणूस

मनुष्य नोकरीत शिरतो तेव्हा आपला वेळ व आपले कौशल्य संस्थेस देतो आणि त्याबद्दल वेतन घेतो. हा व्यवहार सरळ आहे. त्यात कमीपणा काही नाही. परंतु वर्षे लोटतात तसा, करारात न लिहिलेला आणखी एक जिन्नस नकळत दिला जातो. तो म्हणजे तो मनुष्य स्वतः. लग्नकार्यातही तो हुद्द्यानेच आपली ओळख सांगतो, आणि आता तर खिशातल्या भ्रमणध्वनीमुळे कचेरी त्याच्या ताटापाशीही येऊन बसते. असा मनुष्य निवृत्त झाला म्हणजे खुर्चीच नव्हे, तोही रिकामा होतो.

मग कामात मन घालूच नये काय? आम्हांस तसे मुळीच म्हणावयाचे नाही. अर्ध्या मनाने केलेली चाकरी ही धन्याची फसवणूक आहे, तशीच स्वतःचीही. खरा प्रश्न एवढाच की, कामापलीकडे आपले असे काही शिल्लक राहते की नाही.

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत लागले व १९२५ पर्यंत तेथे राहिले. महाराजांस ग्रंथ वाचून दाखविणे, राजपुत्रांस शिकविणे ही कामे त्यांच्याकडे होती. त्याच चाकरीत त्यांनी इतिहासाचा व्यासंग जोपासला. १९०२ साली मराठी रियासतीचा पहिला भाग निघाला. निवृत्तीनंतर १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादिले. चाकरी संपली, सरदेसाई संपले नाहीत.

तथापि व्यासंग हे 'स्व'चे एक अंग झाले. दुसरे अंग विवेकाचे आहे, आणि ते अधिक कठीण. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्ता हाती घेतलेल्या रघुनाथरावांसच दोषी ठरविले आणि पद सोडून ते पुण्याबाहेर गेले. पुढे बारभाईंच्या कारभारात ते पुन्हा न्यायासनावर आले. ज्याने पद सोडण्याचे धैर्य दाखविले, त्याच्याच हाती ते पद शोभले.

येथे कोणी म्हणेल, "रामशास्त्र्यांचे ठीक, आमच्या मागे मुलांची शाळा आहे, घराचे हप्ते आहेत." ही अडचण खोटी नाही, आणि प्रत्येकाने राजीनामा द्यावा असे आम्ही सुचवीत नाही. परंतु राजीनामा आणि मुकाट संमती यांच्यामध्ये पुष्कळ पायऱ्या आहेत. खोट्या हिशेबावर सही न करणे, आपला विरोध कागदावर नोंदविणे, हाताखालच्या माणसावर दुसऱ्याचा दोष न ढकलणे, हे सामान्य कारकुनासही साधते. त्याची किंमत द्यावी लागते. कधी बढती चुकते, कधी बदली होते. पण ज्याच्यापाशी हुद्द्यावाचून स्वतःचे काही आहे, त्यालाच ती किंमत झेपते. ज्याचे सर्वस्व हुद्दाच, तो 'नाही' म्हणणार तरी कशाच्या बळावर?

म्हणून रोजचा थोडा वेळ वाचनास, गायनास, मुलांस, शेजाऱ्यास राखून ठेवणे ही चैन नव्हे. संस्थेसही शेवटी अशाच माणसांचा आधार असतो. कारण मान डोलावणारे पुष्कळ मिळतात, वेळीच सावध करणारा क्वचित. हुद्दा दिलेला असतो, तो एक दिवस परत मागितला जाईल. त्या दिवशी मागे कोण उरेल, हे आजच्या आपल्या वागण्यावर ठरत असते.