पाठीवरची गाठ



1885 साली दिल्लीच्या चांदणी चौकात स्त्रिया व मुले यांच्यासाठी उघडलेले सेंट स्टीफन्स मिशन रुग्णालय पुढे तीस हजारीस गेले. रुग्णालय कोणतेही असो, शस्त्रक्रियागृहाचा रिवाज एकच. मानाचा पांढरा कोट दाराबाहेर राहतो. हात निर्जंतुक केलेल्या सर्जनला आपल्या गाऊनचे पाठीमागचे बंद स्वतः बांधता येत नाहीत. पाठीला लागताच हात अशुद्ध ठरतो. मागे उभी असलेली परिचारिका ती गाठ मारते.

प्रभूनेही बाह्यवस्त्रे उतरवून कंबरेस रुमाल बांधला (योहान 13:4). ज्याने प्रथम पाय धुऊ देण्यास नकार दिला, तोच पेत्र पुढे नम्रता परिधान करावयास सांगतो (1 पेत्र 5:5). त्याने योजलेल्या ग्रीक क्रियापदात गाठ मारून वस्त्र बांधण्याचा अर्थ आहे. दासाच्या कामाच्या वस्त्राचे नावही त्याच कुळातले.

2020 च्या महामारीत दिल्लीच्या वॉर्डांतून, अंगभर झाकणाऱ्या पोशाखात डॉक्टर कोण आणि सफाई कामगार कोण, हे ओळखू येत नसे. मग प्रभूच्या मंडळीत ते का ओळखू यावे?

आपल्या पाठीवरची गाठ कोण बांधतो? त्याचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? येत्या रविवारी त्याला नावाने हाक मारून प्रथम आपणच सलाम करावा.