वरचढ स्वराचा अधिकार

चारचौघांच्या मेळांत एकानें आपला आवाज इतरांहून मोठा करावा, हें कधीं न्याय्य ठरतें? प्रश्न नीतिशास्त्राचा खरा. परंतु त्याचा विचार करण्यासाठीं आम्ही आज विजेच्या गिटारीकडे व ती वाजविणाऱ्याच्या पायाखालच्या एका लहानशा पेटीकडे वळणार आहों. घरांतील तरुण चिरंजीवांच्या गिटारीचा प्रसाद ज्या वाचकांच्या कानांस नित्य मिळतो, त्यांस ही वाट विशेष खटकेल. त्यांनीं थोडा धीर धरावा.

गिटार ही मूळची मृदुभाषिणी. १९३० च्या सुमारास अमेरिकेंतील नृत्यवृंदांत तिच्याकडे ताल धरण्यापलीकडे फारसें काम नसे. ट्रंपेट व सॅक्सोफोन यांच्या गजरांत तिचा एकेरी सूर बुडून जाई. विजेनें तिला कंठ दिला. जॉर्ज बोशांप याच्या विद्युत् गिटारीस १९३७ सालीं पेटंट मिळालें, आणि १९३९ सालीं चार्ली ख्रिश्चन हा तरुण वादक बेनी गुडमन याच्या मंडळींत दाखल होऊन सॅक्सोफोनवाल्यांच्या तोडीनें एकेका सुराचीं लांबलचक वाक्यें गुंफूं लागला. १९४२ सालीं तो वारला तेव्हां अवघ्या २५ वर्षांचा होता. त्याच्या वादनाला गर्जना म्हणतां येणार नाहीं. ज्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं होतें त्याला ऐकूं जाण्यापुरती वाणी मिळाली, इतकेंच. आणि येथवर ध्वनिवर्धन हें न्यायाचेंच काम होतें.

पुढें सर्वच वाद्यें मोठ्यानें बोलूं लागलीं, आणि जुनी अडचण नव्या रूपानें परत आली. गाण्याच्या मध्यें ‘सोलो’ वाजविण्याची आपली पाळी आली, कीं वादकास सोबत्यांच्या थोडें वर यावें लागतें. पण हात तारांत गुंतलेले. म्हणून काम पायाकडे आलें. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांच्या ‘इलेक्ट्रो-हार्मोनिक्स’ कंपनीनें ‘एल्‌पीबी-१’ ही पेटी काढली. तिच्यांत एकच ट्रान्झिस्टर. गिटारीकडून आलेला दुबळा विद्युत्प्रवाह मोठा करून पुढें धाडावयाचा, एवढाच तिचा धर्म. पुढें हीच युक्ति पायाच्या पेडलांत रूढ झाली: एकदां दाबलें कीं स्वर वर, पुन्हा दाबलें कीं पूर्ववत्.

परंतु ही पेटी कोठें जोडावी, यांत खरी मौज आहे. ‘रॉक’ संगीतांतला गिटारीचा घोगरा, करकरीत आवाज ध्वनिवर्धकावर त्याच्या शक्तीबाहेर भार घातल्यानें उत्पन्न होतो. ध्वनिलहरीचीं शिखरें तेथें छाटलीं जातात. अशा आधींच तुडुंब भरलेल्या यंत्राच्या पुढें पेडल ठेवून दाबलें, तर शिखरें उंच होत नाहींत. तीं अधिक छाटलीं जातात, इतकेंच. स्वर अधिक करकरतो, अधिक वेळ टिकतो, पण मोठा मात्र होत नाहीं. अनेक नवशिके येथें गोंधळतात व पेडलास दोष देतात. तेंच पेडल छाटणीच्या पायरीनंतर जोडलें, तर आवाज खरोखर वाढतो. अर्थात् शेवटच्या शक्तिवर्धकांत तेवढी जागा शिल्लक असेल तर. जो संबंध संध्याकाळ टिपेला ओरडत राहिला, त्याच्या यंत्रापाशीं महत्त्वाच्या क्षणासाठीं कांहींच उरत नाहीं.

गणितही नम्र करणारें आहे. शक्ति दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलनीं वाढतो. पण कानास तो दुप्पट भासावयाचा तर सुमारें १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ति खर्चावी लागते. सुदैवानें सोलोला एवढ्याची गरज नसते. थोड्या डेसिबलांत काम भागतें. १९७९ च्या सुमारास निघालेलें ‘ट्यूब स्क्रीमर’ हें जपानी पेडल तर आवाज फारसा न वाढवितांही स्वर पुढें आणतें: खर्जाचा भाग कमी करून मधल्या पट्टीवर तें भर देतें, आणि खालीं बास व वर झांजा यांच्यामधल्या मोकळ्या जागेंत गिटार उभी राहते. ओरडण्यापेक्षां आपली जागा ओळखणें कसें फलद्रूप होतें, याचा याहून चोख दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां मूळ प्रश्न. आपला नियम सर्वांचा नियम व्हावा असें आपणांस इच्छितां येईल काय, ही कांटची कसोटी येथें लावून पाहूं. ‘माझा स्वर नेहमीं वर’ हा नियम पांचही वादकांनीं पाळला, तर कोणाचाच स्वर वर राहत नाहीं. प्रमाण पूर्वींचेंच, फक्त श्रोत्यांचे कान अधिक किटतात. ‘ज्याची पाळी त्याचा स्वर वर’ हा नियम मात्र सर्वांस पाळतां येतो. म्हणजे पेडलाची नीति त्याच्या दुसऱ्या दाबण्यांत आहे. पहिल्यांदा दाबावयास कोणी विसरत नाहीं!

दुसरी वाट अशी, कीं एकानें वर जाण्याऐवजीं इतरांनीं खालीं यावें. आपल्या मैफलींत तबलजी साधा ठेका धरून गायकाला वाट देतो, तो हाच मार्ग. गिटारवादकालाही तो एकट्यानें आचरतां येतो: साथ करतांना गिटारीवरची आवाजाची कळ सातावर ठेवावी, सोलोला दहावर न्यावी. कळ उतरल्यानें स्वराची करकरही थोडी निवळते, आणि साथीला तें शोभतें. पैसा लागत नाहीं. पहिल्यापासून स्वतःस आंवरून धरावें लागतें, म्हणूनच हा उपाय पेडलाइतका लोकप्रिय नसावा.

आंवर न राहिल्यास काय होतें? ‘द हू’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या १९७६ सालच्या लंडनमधील चार्ल्टनच्या मैदानावरील कार्यक्रमांत ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल आवाज मोजला गेला व तो विक्रम म्हणून नोंदला गेला. अमेरिकेंतील आरोग्यतज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबल आवाजांत माणसानें फार तर आठ तास असावें, आणि पुढें दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी व्हावी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटें. शेजारीं बसलेल्या ढोलवाल्याच्या कानांची संमति पेडल दाबणारा घेतो काय?

तरीही नम्रतेच्या नांवाखालीं मागें राहणें सदैव सद्गुणच, असें आम्ही मानीत नाहीं. आपल्या योग्यतेहून कमी मागणाऱ्यासही ॲरिस्टॉटल दोषच देतो. सोलोची पाळी आली असतां पुटपुटणारा वादक सोबत्यांनीं मोकळी केलेली जागा वाया घालवितो.

पण मग फ्रेडी ग्रीनचें काय करावें? काउंट बेसीच्या वृंदांत १९३७ पासून १९८७ मधील आपल्या मृत्यूपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षें, हा गृहस्थ बहुतांशीं विजेवांचून गिटार वाजवीत राहिला. मात्रेमात्रेला एकेक आघात. सोलो जवळजवळ नाहींच. त्यानें कधीं वर येण्याचा हक्क मागितला नाहीं, आणि त्याच्या आघातांवर सबंध वृंद चालत असे. त्याला ॲरिस्टॉटलची ती मोजपट्टी लावावयास आम्ही धजत नाहीं.