बिथुनियाचें दार बंद झालें तेव्हां

मननासाठीं शास्त्रभाग : प्रेषितांचीं कृत्यें १६ : ६–१०



दरवर्षीं जून महिना आला म्हणजे हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव व औंढा नागनाथ ह्या पांचही तालुक्यांतील कित्येक घरांत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची, व दुसरी नीट परीक्षेच्या निकालाची. पाऊस दगा देऊन गेला तर दुबार पेरणी करितां येते, हें शेतकऱ्यास ठाऊक असतें. परंतु मुलाचें नांव वैद्यकीय कॉलेजच्या यादींत आलें नाहीं, तर पुढें काय पेरावें हें पुष्कळ घरांस उमजत नाहीं. लातूर-नांदेडच्या क्लासांसाठीं काढलेलें कर्ज डोक्यावर असतें. गांवानें मुलास "डॉक्टर" अशी हांक आधींच लाविलेली असते. मग तें मूल खोलीचें दार लावून बसतें, आई चुलीपाशीं डोळे पुसते, आणि बाप चारचौघांत येण्याचें टाळतो. अशा घरांसाठीं, व त्या घरीं जाणाऱ्या आपल्या प्रचारक बंधूंसाठीं, आजचें हें मनन आहे.

वर दिलेला शास्त्रभाग काढून घरीं मोठ्यानें वाचावा. पौल व त्याचे सोबती आशिया प्रांतांत वचन सांगावयास निघाले होते. पवित्र आत्म्यानें त्यांस मना केली. मुसियाच्या सीमेवर येऊन त्यांनीं बिथुनियांत जाण्याचा प्रयत्न केला. तेथेंही त्यांस जाऊं दिलें नाहीं. तेव्हां मुसिया ओलांडून ते त्रोवस येथें समुद्रकांठीं येऊन पोहोंचले. आशियांत जाणें हें कांहीं पाप नव्हतें. बिथुनियांत जाणें हा कांहीं लोभ नव्हता. चांगल्या कामासाठीं निघालेल्या चांगल्या माणसांस दोन वेळां "नाहीं" असें उत्तर मिळालें, आणि तें कां मिळालें ह्याचें कारण लूकानें एका शब्दानेंही लिहिलेलें नाहीं. ह्या प्रसंगांतून आपण चार गोष्टी शिकूं या.

पहिली गोष्ट ही कीं, बंद झालेलें दार हा प्रवाशावरील निवाडा नव्हे. पौलास बिथुनियांत जातां आलें नाहीं, म्हणून तो नालायक प्रेषित ठरला, असें शास्त्र म्हणत नाहीं. आपल्या मुलांविषयीं मात्र आपण किती लवकर तसें म्हणतों! थोडा हिशेब मांडून पाहा. २०२५ सालीं ४ मे रोजीं झालेल्या नीट परीक्षेस २२ लाख ९ हजारांहून अधिक मुलें बसलीं. त्यांतील सुमारें १२ लाख ३६ हजार पात्र ठरलीं. परंतु साऱ्या देशांत एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आंतबाहेरच होत्या. म्हणजे अठरा-एकोणीस मुलें एका रांगेंत उभीं केलीं, तर त्यांतील एकालाच जागा मिळते. परीक्षेनें ज्यांस पात्र म्हटलें, अशीं दहा लाखांहून अधिक मुलें ह्या दारांतून परत फिरलीं. ज्या घरांत केवळ चार खाटा आहेत, तेथें पांचवा पाहुणा जमिनीवर निजला, तर त्यांत त्या पाहुण्याचा दोष काय?

आपल्या जिल्ह्याविषयींही एक समजूत दूर केली पाहिजे. १९९९ सालीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यास २०२४ सालीं स्वतःचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालें, व शंभर जागांनीं त्याचा आरंभ झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या शंभर जागा हिंगोलीच्याच मुलांसाठीं राखलेल्या नाहींत. कांहीं जागा देशभरांतील मुलांसाठीं असतात, व इतर जागांस राज्यभराच्या गुणवत्तायादीचा नियम लागतो; विभागवार सत्तर-तीसची जुनी वांटणी २०२० सालींच बंद झाली. कॉलेज दारीं आलें, म्हणून आपल्या मुलास तेथें प्रवेश मिळालाच पाहिजे, असा टोमणा कोणीं मारूं नये.

येथें एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. दुःखी घरीं जाऊन "देवाचीच तशी इच्छा होती" असें एका वाक्यांत सांगून मोकळें होऊं नका. २०२४ सालीं प्रश्नपत्रिका फुटल्याचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. मनुष्यांनीं केलेली लबाडी व मनुष्यांनीं कमी ठेविलेल्या जागा देवाच्या माथीं मारणें हें भक्तीचें लक्षण नव्हे. आपला विश्वास इतका आहे कीं, दार कोणींही लाविलेलें असो, बाहेर उभ्या राहिलेल्या लेंकराजवळ प्रभु उभा असतो.

दुसरी गोष्ट ही कीं, दार बंद झालें तरी हांक बंद होत नाहीं. पंडिता रमाबाईंचें नांव आपल्या सर्व मंडळ्यांत ठाऊक आहे. परंतु त्या डॉक्टर होण्यास निघाल्या होत्या, हें थोड्यांच्याच ध्यानांत असतें. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें साक्ष देतांना, ह्या देशांतील स्त्रियांस स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, हें त्यांनीं कळकळीनें सांगितलें. १८८३ सालीं लहानग्या मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडास गेल्या, त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें. तेथें त्यांचे कान आड आले. ऐकूं कमी येत असल्यामुळें तो अभ्यास त्यांस अशक्य ठरला. विधवा बाई, पदरीं मूल, परका देश, आणि ज्यासाठीं आलों तेंच दार बंद!

त्यांनीं काय केलें? चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजांत त्या संस्कृत शिकवूं लागल्या, व स्वतःही शिकत राहिल्या. पुढें ११ मार्च १८८६ रोजीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें आनंदीबाई जोशी ह्यांस डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. जें आपणांस मिळालें नाहीं तें दुसरीस मिळतांना पाहण्यासाठीं त्या समुद्र ओलांडून गेल्या. त्याच देशांत राहून त्यांनीं बालशिक्षणाच्या नव्या पद्धतीचा अभ्यास केला. आणि बरोबर तीन वर्षांनीं, ११ मार्च १८८९ रोजीं, मुंबईंत त्यांनीं शारदा सदन उघडलें. त्यापुढें केडगांवचें मुक्ति मिशन, दुष्काळांत आश्रय दिलेल्या असंख्य स्त्रिया व मुलें, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें मराठी बायबलाचें भाषांतर, हें सर्व त्या बंद दारापलीकडच्या रस्त्यावर घडलें. स्त्रियांचें दुःख हरण करावें ही हांक मूळची होती. वैद्यकी हा तिचा एक रस्ता होता.

कोणास प्रवेश मिळूनही परतावें लागतें. १८६२ सालीं अहमदनगर येथें (आतांचें अहिल्यानगर) ख्रिस्ती घरांत जन्मलेल्या कृपाबाई सत्यनाथन ह्यांस डॉक्टर होण्यासाठीं इंग्लंडास जावयाचें होतें. प्रकृतीच्या कारणावरून त्यांस पाठविण्याचें नाकारण्यांत आलें. १८७८ सालीं त्या मद्रासच्या मेडिकल कॉलेजांत दाखल झाल्या, परंतु वर्षभरांतच प्रकृति ढासळून त्यांस तेंही सोडावें लागलें. पुढें त्यांनीं मुसलमान मुलींस शिकविण्याचें काम केलें, व "सगुणा" आणि "कमला" ह्या इंग्रजी कादंबऱ्या लिहिल्या. १८९४ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं त्या वारल्या. इतक्या थोड्या आयुष्यांतही वायां गेलें असें काय होतें?

म्हणून, मुला-मुलींनो, शांत चित्तानें स्वतःस विचारा : मला रोग्याची सेवा करावयाची होती, कीं गांवाकडून "डॉक्टर" म्हणवून घ्यावयाचें होतें? दुसरी इच्छा असेल तर लाजूं नका, ती आपणां सर्वांतच थोडीबहुत असते. परंतु पहिली इच्छा खरी असेल, तर तिला आज रस्ता आहे.

तिसरी गोष्ट ही कीं, त्रोवस येथें पौल डोळे उघडे ठेवून होता. रात्रीं दृष्टांत झाला, आणि सकाळीं त्यानें लागलीच निघण्याची तयारी केली. तेव्हां कोणते रस्ते आहेत तें स्पष्ट सांगतों.

त्याच नीट परीक्षेच्या गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी व फिजिओथेरपी ह्यांचे प्रवेश होतात. आणि आपल्या राज्यांत जनावरांच्या डॉक्टरकीचाही, जिचें कॉलेज जवळच परभणीस आहे. ज्या जिल्ह्यांत बैल व म्हैस ह्यांवर घर चालतें, तेथें जनावरांचा डॉक्टर हा कमी प्रतीचा डॉक्टर आहे काय? बी.एस्सी. नर्सिंगसाठीं राज्याची वेगळी प्रवेशपरीक्षा असते. नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेल्यांस पुढें उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होतां येतें. खेड्यांत तापानें फणफणलेलें मूल बहुधा प्रथम त्यांच्याच हातीं येतें. औषधनिर्माणाची पदविका व पदवी, रक्त-लघवी तपासणारा, क्ष-किरण काढणारा, डायलिसिसचें यंत्र चालविणारा, ह्यांवांचून कोणतेंही रुग्णालय एक दिवस चालत नाहीं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें दारही मनांत असूं द्या. भूक हाही रोगच आहे.

परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवा. नर्सिंग, बी.फार्म. व शेतकी ह्यांच्या प्रवेशपरीक्षांचे अर्ज नीटचा निकाल लागण्यापूर्वींच भरावे लागतात. पहिलें दार बंद झाल्यावर दुसरें ठोठावूं असें म्हणून बसलेल्यांची मुदत तोंवर निघून गेलेली असते. म्हणून हिंवाळ्यांतच हे अर्ज भरा. दुसरा अर्ज भरणें म्हणजे अविश्वास नव्हे. तसेंच प्रवेशाच्या फेऱ्या अनेक असतात. पहिल्या यादींत नांव नाहीं म्हणून कागद गुंडाळूं नका, शेवटच्या फेरीपर्यंत पाहा.

पुन्हां एक वर्ष बसावें काय? नीट कितीही वेळां देतां येते, व २०२२ सालापासून वयाची वरची मर्यादाही राहिलेली नाहीं. परंतु दार उघडें आहे म्हणून त्यापुढें आयुष्य घालवावें असें नाहीं. गुण थोडक्यांत हुकले असतील, प्रकृति धड असेल, व मुलाची स्वतःची इच्छा असेल, तर एक वर्ष द्यावें. आणि त्यापुढें काय हें आधींच घरांत ठरवून ठेवावें. केवळ बापाच्या अब्रूसाठीं मुलास तिसऱ्या-चौथ्या वर्षीं त्याच बांकावर बसवूं नये.

आणि दलालांपासून सांभाळा. एम.बी.बी.एस.चा प्रवेश, कॉलेज सरकारी असो कीं खासगी, नीटच्या गुणांवर व अधिकृत फेऱ्यांतूनच होतो. "रोख द्या, जागा देतों" असें म्हणणारा मनुष्य चोर आहे. परदेशीं पाठविण्याचा कोणी आग्रह केला, तर जमिनीचा सातबारा पुढें करण्याआधीं हें ऐका : तेथें जाण्यासही नीटमध्यें पात्र ठरावें लागतें, २०२१ च्या नियमांप्रमाणें चोपन्न महिन्यांचा अभ्यास व वर्षभराची इंटर्नशिप त्याच देशांत पुरी करावी लागते, आणि परत आल्यावर येथील परीक्षा असते. जून २०२४ च्या त्या परीक्षेंत शंभरांतील वीस-एकवीसच उत्तीर्ण झाले. जाणारा जावो, परंतु डोळे झांकून हळदीचें रान विकूं नका.

चौथी गोष्ट मंडळीसाठीं आहे. शास्त्र नीट वाचलें तर दिसेल कीं, त्रोवसापर्यंत लूक "ते गेले, ते आले" असें लिहितो; तेथून पुढें "आम्ही निघालों" असें लिहूं लागतो. म्हणून पुष्कळ अभ्यासकांस असें वाटतें कीं, तो स्वतः तेथेंच पौलास येऊन मिळाला. आणि लूक कोण होता? कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल त्यास प्रिय वैद्य म्हणतो. दोन दारें बंद झालेल्या माणसाजवळ वैद्य आला, आणि "ते" शब्दाचा "आम्ही" झाला! मंडळीनें नेमकें हेंच करावयाचें आहे. "त्यांचा मुलगा नापास झाला" असें न म्हणतां "आमच्या लेंकरास जागा मिळाली नाहीं" असें म्हणा.

प्रचारक बंधूंनो, निकालाच्या आठवड्यांत त्या घरीं जा. दारांत उभें राहून गुण विचारूं नका. बसा, चहा घ्या, मुलाशीं पिकापाण्याचें बोला, व त्यास बोलूं द्या. उपासनेंत केवळ यशस्वी मुलांचाच सत्कार करूं नका; परीक्षेस बसलेल्या प्रत्येकाचें नांव घेऊन प्रार्थना करा. एखादें मूल जेवत नसेल, निजत नसेल, किंवा जगण्यांत अर्थ नाहीं असें बोलत असेल, तर त्यास एकटें सोडूं नका, "तुझ्या मनांत जीव देण्याचा विचार येतो काय?" असें प्रेमानें सरळ विचारा. विचारल्यानें तो विचार वाढत नाहीं. मनावरचें ओझें हलकें होतें. त्यास डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसच्या १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें. तो क्रमांक प्रार्थनाघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आईबापांनो, आज रात्रीं त्या खोलीचें दार हळूच वाजवा. कर्जाचें नंतर पाहूं. "तूं आमचा आहेस, जेवावयास चल," एवढेंच म्हणा. ज्या बापानें दूर गेलेल्या मुलास पाहून धांव घेतली, त्यानें हिशेब आधीं मागितला नव्हता.

बिथुनियाचें दार ज्यांस लागलें, त्या सर्व लेंकरांस प्रभु त्रोवसाची धीराची रात्र देवो, सकाळीं पुढचा रस्ता दाखवो, आणि त्या रस्त्यावर सोबतीही देवो. आमेन.