ओठंगणे : विसाव्याची शब्दनीती

शरीर एकाच रीतीने आडवे होते. भाषा मात्र माणूस पाहून त्याची नोंद करते. देव आणि राजे पहुडतात, सावकार लोडाला रेलतो, शेतमजूर लवंडतो किंवा फार तर घटकाभर पाठ टेकतो. विसावा कोणाला शोभतो, हा नैतिक निवाडा क्रियापदातच होऊन गेलेला असतो. ही क्रियापदे समानार्थी म्हणून एका ओळीत बसवली की तो निवाडा नाहीसा होत नाही, केवळ झाकला जातो.

या दृष्टीने ‘ज्ञानेश्वरी’च्या (शके 1212) मराठीतले ‘वोठंगणे’, म्हणजे ओठंगणे, विचारणीय ठरते. आज ते बव्हंशी अभ्यासकांपुरते उरले असून ‘टेकणे’ एवढा अर्थ देऊन त्याची बोळवण होते. पण ‘ओठंगण’ म्हणजे आधार. टेकणाऱ्याबरोबरच ज्याच्यावर टेकायचे त्याचीही दखल हा शब्द घेतो. ‘रेलणे’ ती घेत नाही.

‘पडणे’ची गत याहून विलक्षण. खटाव तालुक्यातील वडूज येथे 9 सप्टेंबर 1942 रोजी कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला. तेथे माणसे पडली, असे म्हणताना जे क्रियापद येते तेच दुपारी ‘जरा पडतो’ म्हणणाऱ्याच्या तोंडी असते. या सलगीला बिचकूनच की काय, गौरवपर लेखन मागे ‘धारातीर्थी’ जोडते. त्याने मृत्यूला प्रतिष्ठा लाभते खरी. परंतु ती धार तलवारीची, आणि मोर्चेकरी तर निःशस्त्र होते. तेथे नुसते ‘पडले’ हेच अधिक सत्य आहे.