कुणाचं किती पुसायचं?

लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवणं हा आता नवलाचा विषय राहिलेला नाही. चहा करून येईपर्यंत सुरू न होणारा लॅपटॉप त्यानंतर मिनिटाच्या आत उघडतो. अडचण एकच असते. जुन्या डिस्कएवढ्या क्षमतेची एसएसडी महाग पडते, म्हणून आपल्यापैकी बरेच जण लहान घेतात. माझ्याकडे ५०० जीबीची डिस्क होती आणि परवडली ती २४० जीबीची एसएसडी. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या, त्यामुळे पडद्यावर हेच आकडे ४६५ आणि २२३ असे दिसतात. जुन्या डिस्कवर ३१० जीबी भरलेले होते. एसएसडी काठोकाठ भरूनही चालत नाही, थोडी जागा मोकळी नसेल तर तिचा वेग पडतो. म्हणजे शंभरहून जास्त जीबी मागे सोडायचे.

दिसायला ही साधी वजाबाकी आहे. पण काय वजा करायचं हे ठरवायला बसलं की कळतं, प्रश्न जागेचा नाहीच.

आधी तांत्रिक भाग सांगते, कारण पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो. मोठ्या डिस्कवरची विंडोज लहान डिस्कवर न्यायची तर आधी मोठीवरचा सी ड्राइव्ह आक्रसून घ्यावा लागतो. तो सहजी आक्रसत नाही. दीडशे जीबी रिकामे दिसत असतात आणि विंडोज म्हणतं, फक्त चारच कमी करता येतील. कारण काही फाइल्स जागच्या हलत नाहीत: हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी. त्यातली एखादी पार शेवटच्या टोकाला बसलेली असते आणि तिच्यामुळे मधली सगळी मोकळी जागा अडून राहते. या सोयी तात्पुरत्या बंद केल्या की वाट मोकळी होते. मग क्लोन करायचं, म्हणजे नव्या ड्राइव्हवर हुबेहूब नक्कल उतरवायची.

इथे एक गंमत होते. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून ठेवल्या, तर विंडोज त्यातली एक ‘ऑफलाइन’ ठेवतं. दोघींची ओळख पटवणारा क्रमांक एकच असतो, आणि एका ओळखीच्या दोघी त्याला चालत नाहीत. यातली खरी कुठली? हा प्रश्न तत्त्वज्ञानात जुना आहे. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का? एकेक भाग वेगळा केल्यावर रथ कुठे उरतो? ग्रीकांकडे थिसिअसच्या जहाजाची तशीच गोष्ट आहे. विंडोजचं उत्तर मात्र रोखठोक आहे. त्याचा परवाना सहसा मदरबोर्डशी बांधलेला असतो. डिस्क बदलली तरी त्याच्या लेखी लॅपटॉप तोच राहतो, मदरबोर्ड बदलला की तो परका होतो. आपल्याला नेमकं उलटं वाटतं. आपला लॅपटॉप म्हणजे त्यात साठलेलं आपलं सगळं.

पण ‘हा लॅपटॉप तोच का?’ यापेक्षा मला दुसरा प्रश्न जास्त टोचला. यात साठलेलं सगळं ‘आपलं’ आहे, हे कुणी सांगितलं?

गेवराईसारख्या गावात ज्या घरात लॅपटॉप असतो, ते घर आपोआप गल्लीचं कार्यालय होतं. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा लोक सातबारा आणि पासबुक घेऊन आले. २०२४च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले, तेव्हा गल्लीतल्या बाया आल्या. शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, श्रावणबाळ योजना, हे तर बारा महिने चालू असतं. प्रत्येक कामात कागद स्कॅन होतात, फाइल अपलोड होते, काम संपतं. फाइल मात्र तिथेच राहते. माझ्या डिस्कवर ‘लोकांची कामं’ नावाचा एक फोल्डर होता. सिनेमे, गाणी, स्वतःचे फोटो यांच्यापुढे त्याचा आकार किरकोळ. तरी वजाबाकी अडली ती तिथेच. सिनेमे मी पाच मिनिटांत उडवले, ते माझे होते. या फोल्डरवर बोट ठेवून डिलीट दाबायचा अधिकार माझा आहे का, हे मला ठरवता येईना.

सोपी उत्तरं दोन आहेत. पहिलं: सगळं पुसून टाक. दुसऱ्यांचं आधार आणि खातेक्रमांक आपल्याकडे असणं हीच जोखीम आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचंही तत्त्व तेच, ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती ठेवू नये. हा कायदा माणसाने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. पण कायद्याने मोकळं सोडलं म्हणून नीतीने सोडलं असं होत नाही. दुसरं उत्तर: सगळं ठेव. लागलं तर बाहेरची डिस्क घे, क्लाउडवर टाक. कशाला कुणाचं पुसायचं?

दोन्ही उत्तरांत एक साम्य आहे. ज्याचं आहे त्याला विचारायची गरज दोन्हींत पडत नाही.

आमच्या गल्लीतल्या एक आजी वारल्या. घरात त्यांचा धड एकही फोटो नव्हता. लग्नकार्यातल्या गर्दीत कुठेतरी पदराआडचा चेहरा, एवढंच. दहाव्याच्या आधी त्यांचा मुलगा आला आणि म्हणाला, “ताई, आईचा फॉर्म तुम्हीच भरला होता, त्यातला फोटो असेल का?” श्रावणबाळच्या अर्जासाठी काढलेला पासपोर्ट आकाराचा फोटो होता. निळा पडदा, सरळ नजर, थोडी धास्तावलेली. तोच मोठा करून आज त्यांच्या भिंतीवर हार घालून लावलेला आहे. ‘काम संपलं की पुसा’ हा नियम मी आधीच पाळला असता, तर ती भिंत रिकामी राहिली असती. आणि त्याच फोल्डरमध्ये, त्या फोटोच्या शेजारी, पन्नास जणांचे बँक खात्यांचे क्रमांक उघडे पडलेले होते. एकाच जागी एक फाइल जपायला हवी होती आणि दुसरी कधीच जायला हवी होती. आकार, तारीख, फाइलचा प्रकार यांवरून ते ओळखता येत नव्हतं.

यासाठी आपल्या भाषेत एक शब्द आहे, तो म्हणजे ठेव. बँकेच्या मुदत ठेवीमुळे आपण त्याचा जुना अर्थ विसरलो. याज्ञवल्क्य स्मृतीत ‘उपनिधी’ नावाचं एक प्रकरणच आहे. आत काय आहे ते न सांगता, बंद पेटीत घालून दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू म्हणजे उपनिधी. ती जशी आली तशीच परत द्यायची. १८७२च्या भारतीय करार कायद्यातही सांभाळायला दिलेल्या वस्तूबद्दल हेच आहे की, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी तिची घ्यावी.

पण जुन्या ठेवीत आणि या ठेवीत एक मोठा फरक आहे. पेटी परत दिली की आपला हात रिकामा होतो. फाइल परत पाठवली तरी ती आपल्याकडे राहतेच. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर खरं तर काहीच ‘हलत’ नाही. नक्कल होते, आणि मग मूळ पुसलं जातं. आपण त्या दोन क्रियांना मिळून ‘मूव्ह’ म्हणतो. त्यातली नक्कल यंत्र बिनचूक करतं. पुसण्याचं बटणही यंत्रच देतं, पण त्याची जबाबदारी घेत नाही. ती दाबणाऱ्याची. मोठी डिस्क ही जबाबदारी पुढे ढकलायची सोय देते आणि लहान डिस्क ती सोय काढून घेते. म्हणून लहान डिस्कचं मला कौतुक नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो दरवेळी मोठी घेऊन ठरवणं टाळू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. पण टाळण्यालाही किंमत असते, आणि ती ज्यांचे कागद आहेत त्यांच्या डोक्यावर बसते.

तेव्हा मी विचारायला निघाले. घरोघरी जाऊन, नाही भेटले त्यांना फोन करून. उत्तरं एकसारखी आली नाहीत. एक काका म्हणाले, “पुसून टाक, पण आधी एक प्रिंट दे.” एकीला आपले कागद माझ्याकडे अजून आहेत हे माहीतच नव्हतं. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, काढून टाका. आणि शेजारची मावशी म्हणाली, “राहू दे पोरी तुझ्याजवळच. माझ्याजवळ मोबाइल टिकत नाही, कागद टिकत नाही. तुझ्याजवळ हाय म्हणून तर मी बिनघोर हाय.”

मावशीचं उत्तर मला सगळ्यात जड गेलं. ती ऊसतोडीला जाते. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पाच-सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवायचा आणि फडाजवळच्या कोपीत उतरवायचा. काय न्यायचं, काय नाही, हे त्यांना दर वर्षी ठरवावं लागतं. तिथे नक्कल करून भागत नाही. पातेलं इथे असेल तर तिथे नसतं. म्हातारी माणसं घरी राहतात, शाळेची पोरं कधी राहतात, कधी सोबत जातात. मागे राहिलेलं टाकलेलं नसतं, कुणाच्या तरी भरवशावर ठेवलेलं असतं. त्यांचे कागदही तसेच माझ्या भरवशावर होते. फडातून फोन येतो, “ताई, आधारचा फोटो टाका,” आणि मी पाठवते. मावशीसाठी माझी डिस्क म्हणजे मागे राहिलेलं घर होतं. ते २२३मध्ये बसत नाही, असं तिला सांगायचं कसं?

सांगावं लागलंच नाही, कारण ते बसतं. विचारल्यावर जे ठेवायचं ठरलं, ते सगळं मिळून दोन जीबीही भरलं नाही. प्रत्येकाचं वेगळं फोल्डर, त्यावर पासवर्ड, आणि वहीत एक ओळ: कुणाचं, कशासाठी, कधीपर्यंत. साठवणं आणि जपणं यांतला फरक मला त्या ओळीत दिसतो. साठवलेल्याला ही ओळ नसते.

राहिली जुनी डिस्क. बरेच जण तिला केसमध्ये घालून वापरतात किंवा विकून टाकतात. विकण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. चुंबकीय हार्ड डिस्कवर डिलीट केलं किंवा झटपट फॉरमॅट मारला, तरी आतला मजकूर जात नाही. फक्त ती जागा रिकामी असल्याची नोंद होते, आणि वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं परत काढता येतं. पूर्ण डिस्क एकदा पुन्हा लिहून काढावी लागते. एसएसडीचं उलटं आहे. फाइल पुसली की सहसा विंडोज ट्रिमचा आदेश पाठवतं आणि ड्राइव्ह ती जागा स्वतःच साफ करतो. एक सहज विसरत नाही, दुसरी फार लवकर विसरते. दोघींनाही आपण काय जपतोय ते कळत नाही.

काही जणांना विचारायचं अजून बाकी आहे. त्यांचे फोन लागत नाहीत, ते फडात आहेत. त्यांच्या फाइल्स मी पुसलेल्या नाहीत आणि नव्या ड्राइव्हवर नेलेल्याही नाहीत. जुनी डिस्क कपाटात आहे, वर चिकटपट्टीवर त्यांची नावं लिहिलेली आहेत. कारखान्यांचा पट्टा पडला की टोळ्या परत येतील. तेव्हा एकेकाला विचारून नाव खोडायचं आणि सगळी नावं खोडून झाली की डिस्क पूर्ण पुसायची.