बाराशे रुपयांची कुरकुर

भूतानला जायचं ठरलं तेव्हा घरात पहिला विषय निघाला तो पैशांचा. तिथलं सरकार भारतीय पर्यटकाकडून माणशी, दर रात्रीचे १२०० रुपये शुल्क घेतं. "आपल्यालाही भरायचे?" असं विचारणारी मीच होते. विचारताना मला नेमकं काय टोचलं, ते तेव्हापासून स्वतःशी तपासते आहे.

रक्कम नक्कीच नाही. दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरच्या खोलीला याच्या कितीतरी पट मोजताना मी हूं की चूं केलं नाही. इतर बहुतेक देशांच्या लोकांना तर भूतानमध्ये रात्रीला १०० डॉलर पडतात. टोचलं ते असं, की एवढ्याशा शेजाऱ्याने आपल्याला परक्यांच्या रांगेत उभं केलं! व्हिसा लागत नाही, रुपया चालतो, हिंदी समजते, म्हणजे भूतान आपलंच. या आपलेपणात मालकीचा वास बराच आहे, हे मनाशी तरी कबूल करायला हवं.

एरवी माझी तयारी चोख आहे. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, किंवा मतदार ओळखपत्र. आधार कार्डावर भागत नाही. मुलांचे जन्मदाखले वेगळ्या पाकिटात. तिथलं घड्याळ अर्धा तास पुढे. तक्त्संगच्या मठाची चढण दमवणारी, म्हणून रोज सकाळी टेकडी. मठात जाताना अंगभर कपडे, आत फोटो बंद. जेवणात एमा दात्शी, म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्यांची भाजीच. तरी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत गेलीच. यादी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, की तिच्यातली प्रत्येक ओळ मला त्रास होऊ नये म्हणून आहे. अंगभर कपड्यांचीसुद्धा. दारात कोणी अडवू नये, एवढाच त्यामागचा विचार.

२०१९ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातून गेलेला एक दुचाकीस्वार दोचूला खिंडीतल्या चोर्तेनवर, म्हणजे तिथल्या स्तूपावर, चढला. फोटो पसरले, भूतानमध्ये संताप झाला, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. "कसली माणसं असतात एकेक" म्हणून मी तेव्हा मोकळी झाले होते. तिथले १०८ चोर्तेन कशासाठी आहेत, ते आत्ता, जायच्या आधी वाचलं. भारताविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या छोट्याशा सैन्याने ते उठवले. त्या कारवाईत जे भूतानी सैनिक गेले, त्यांच्या स्मरणार्थ राणीमाता आशी दोर्जी वांग्मो वांग्चुक यांनी हे चोर्तेन बांधवून घेतले. म्हणजे त्या स्मारकाशी आपलाही संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. यातलं काहीही ठाऊक नसताना मी भूतानला खुशाल आपलं म्हणत होते. रायगडावर महाराजांच्या समाधीच्या चौथऱ्यावर कोणी परदेशी पाहुणा पाय देऊन उभा राहिला असता, तर मी काय बोलले असते ते इथे छापण्यासारखं नाही.

चोर्तेनवर मी चढणार नाही, त्याची खात्री आहे. ती सोपी परीक्षा. अवघड आहे ते बारीकसारीक. हॉटेलात चहाला उशीर झाला तर आवाज चढेल का? वयाने लहान गाइडला पहिल्याच दिवशी "अरे" म्हणेन का? मठात भिक्षू पाठ म्हणत असताना आमचा घोळका कुजबुजणं थांबवेल का? आणि पोलीस, गाइड, कॅमेरा यांतलं काहीच नसेल तिथेही मी तशीच वागेन का? या शेवटच्या प्रश्नाला आज छातीठोक "हो" म्हणवत नाही.

तुम्ही जाणार असाल तर ते १२०० रुपये कुरकुर न करता भरा. आणि दोचूलाला गाडी थांबली की फोटोंच्या आधी मुलांना सांगा, हे चोर्तेन कोणाचे आहेत ते.