म्हातारा गवई आणि त्याची तबकडी

नामांकित गवयाच्या जलशाहून परतणाऱ्या श्रोत्यांचे संभाषण जरा लक्ष देऊन ऐकले, तर एक वाक्य हटकून कानी पडते : “गाणे चांगले झाले, पण तबकडीवर आहे तसे काही उतरले नाही.” हे बोलणारास आपण काही विपरीत बोलत आहो असे मुळीच वाटत नाही. परंतु या साध्या वाक्याचा थोडा विचार केला, तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या रसिकतेत केवढी उलथापालथ झाली आहे, हे ध्यानात येईल. तबकडी निघाली तेव्हा गाणे हे मूळ होते आणि तबकडी ही त्याची छाया होती. आता छाया सिंहासनावर चढून बसली आहे आणि मूळ तिच्यापुढे हात जोडून उभे आहे. आपण तिच्याशी कितपत जुळतो याचा दाखला त्या बिचाऱ्यास रोज रात्री द्यावा लागतो.

या उलथापालथीचा जाच पाश्चात्त्य रॉक संगीतातील वृद्ध गायक-वादकांस सर्वांत अधिक होत असावा, असे मला वाटते. आपल्याकडे एकच चीज गवई आज एका तऱ्हेने व उद्या दुसऱ्या तऱ्हेने मांडतो. किंबहुना तशी तो मांडू शकला नाही तर आपणच नाक मुरडतो. रॉक संगीताचे तसे नाही. ते तबकडीच्याच मांडीवर वाढले. १९६५ ते १९७५ च्या सुमारास एका ठरावीक दिवशी, एका ठरावीक खोलीत, पंचविशीतल्या एखाद्या तरुणाने जो आवाज काढला, तोच त्या गीताचा कायमचा पाठ ठरून गेला. तो तरुण पुढे ऐंशीच्या घरात पोचला. पाठ तेवढा पंचविशीतच राहिला.

येथे कोणी म्हणेल की, समोरासमोर ऐकणे हेच खरे ऐकणे, तबकडी हे निव्वळ सोंग. मग वाद कशाचा? इतके सोपे हे प्रकरण नाही. बीटल्स मंडळींचा जलसा १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर झाला, तेव्हा ५५,००० हून अधिक श्रोते जमले होते आणि त्यांच्या किंकाळ्यांपुढे त्या वेळचे ध्वनिवर्धक निष्प्रभ ठरले. श्रोत्यांस गाणे ऐकू येईना, एवढेच नव्हे, तर गाणारांस आपलेच गाणे ऐकू येईना. पुढल्या वर्षी २९ ऑगस्ट रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी तिकीट लावून अखेरचा जलसा केला आणि नंतर ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शिरले. तेथे फिती कापून जोडाव्या, त्यांची गती कमीअधिक करावी, थरावर थर चढवावे, अशा खटाटोपातून जे निघाले ते कोणत्याही रंगमंचावर त्या काळी वाजविणे शक्य नव्हते. या चौघांनी संगीताशी बेइमानी केली असे म्हणण्याचे धाडस कोण करील? प्रत्यक्ष जलशात संगीत मरत होते आणि तबकडीत ते जगले. तेव्हा केवळ समक्षतेला पावित्र्य चिकटलेले नाही, हे मान्य करूनच पुढे जाणे बरे.

आता या मंडळींच्या दुसऱ्या आयुष्याकडे वळू. आपला कारकून दिवसभर आकडेमोड करतो आणि सायंकाळी पेटी घेऊन बसतो. त्यात त्याचा जीव रमतो. परंतु ज्याचा धंदाच पेटी, त्याने सायंकाळी काय घेऊन बसावे? रॉड स्ट्युअर्ट या विख्यात ब्रिटिश गायकाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते १९१९ साली नव्हे, तर २०१९ साली जगास कळले, आणि कळले तेही खेळातल्या आगगाड्यांस वाहिलेल्या एका इंग्रजी मासिकातून. लॉस एंजेलिस येथील आपल्या घरी, वरच्या मजल्यावर, सुमारे १,५०० चौरस फुटांत त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचे एक अमेरिकन शहर उभारले. त्यात गगनचुंबी इमारती आहेत, कळकट वखारी आहेत, पूल आहेत आणि त्यांतून फिरणाऱ्या चिमुकल्या गाड्या आहेत. या कामास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. गायनाच्या दौऱ्यावर असताना तो हॉटेलात आणखी एक खोली मागून घेई; तिच्यातील पलंग बाहेर काढवी आणि तेथे बसून इमारती घडवी. रात्री हजारोंपुढे गाणे, आणि दिवसा बंद खोलीत पुठ्ठा, डिंक व रंग.

या वृत्तांतातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. हे शहर त्याने स्वतः बांधले नसावे, अशी शंका बी.बी.सी.च्या एका कार्यक्रमात निवेदकाने सहज बोलून दाखविली. त्याबरोबर हा पंचाहत्तरीला टेकलेला गृहस्थ स्वतः दूरध्वनी करून कार्यक्रमात हजर झाला आणि नव्वद टक्के काम आपण आपल्या हातांनी केले आहे, विजेची जोडणी तेवढी दुसऱ्याची, असे त्याने ठासून सांगितले. कोट्यवधी तबकड्या खपलेल्या माणसास पुठ्ठ्याच्या इमारतींचे श्रेय एवढे का झोंबावे? मला वाटते याचे कारण असे : त्याच्या गाण्यावर आता त्याची एकट्याची मालकी उरलेली नाही. १९७१ सालचा त्याचा खरखरीत, लाडिक आवाज लोकांच्या घरोघरी आहे. २००० साली कंठग्रंथीच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यावर त्यास गळा नव्याने तयार करावा लागला. तरी श्रोते त्याच्यापाशी मागतात तो जुनाच आवाज. रंगमंचावर तो स्वतःचा नकलाकार झाला आहे. त्या बंद खोलीत मात्र उद्या कोणती भिंत उभी राहील हे त्याचे त्यासच ठाऊक. ज्यास आपण ‘प्रत्यक्ष’ म्हणतो ते जलशातून उठून त्या खोलीत जाऊन बसले आहे.

अशी उदाहरणे थोडी नाहीत. रोलिंग स्टोन्स मंडळींचा ड्रमवादक चार्ली वॉट्स १९६७ पासून दौऱ्यात ज्या ज्या पलंगावर निजे, त्या त्या पलंगाचे रेखाचित्र काढून ठेवी. तो २०२१ साली वारला, तेव्हा त्या चित्रांचा मोठा साठा झालेला होता. त्याच्या रात्रींचा गोंगाट जगाने शेकडो फितींवर टिपला. त्याने स्वतः टिपला तो निजण्याचा कोपरा. क्वीन मंडळींचा गिटारवादक ब्रायन मे याने १९७० च्या सुमारास सूर्याभोवतालच्या धूलिकणांवरील आपले संशोधन हाती घेऊन पुढे अर्धवट टाकले होते. ते त्याने २००७ साली पुरे करून लंडनच्या इंपीरियल कॉलेजची डॉक्टरेट मिळविली. त्याचा सहकारी फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीस शाळेत होता, ही गोष्ट महाराष्ट्रात कौतुकाने सांगतात. पण त्याने बालपणी जमविलेल्या तिकिटांची वही लंडनच्या टपाल संग्रहालयात आहे, हे थोड्यांस ठाऊक असेल. अर्थात मुलांचे तिकिटे जमविणे निराळे आणि म्हाताऱ्याचे पलंग काढणे निराळे.

यावर एक आक्षेप येणारच. हे सारे धनिकांचे चोचले आहेत. पोटाची विवंचना मिटल्यावर कोणीही आगगाड्या मांडील. त्यात नीतीचा प्रश्न कोठला? चोचले आहेत हे मला मान्य आहे. पण प्रश्न त्यांच्या चैनीचा नसून आपल्या मागणीचा आहे. पैसे मोजून तिकीट काढले म्हणजे आपण नेमके काय विकत घेतले? जिवंत माणसाची एक संध्याकाळ, की आपल्याच तारुण्याची एक प्रत? दुसरे घेतले असेल तर समोर कोण उभे आहे याची आपणास फारशी गरज नाही, आणि ही गरज नसणे हा त्या माणसाचा एक प्रकारे अपमानच आहे. २ डिसेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्क येथे किस या मंडळीने आपला अखेरचा जलसा केला आणि शेवटी पडद्यावर आपल्याच संगणकनिर्मित प्रतिमा आणून, यापुढे या आमच्या जागी गातील, असे जाहीर केले. तोंडास रंग फासूनच हे लोक बहुतेक काळ वावरले असल्यामुळे त्यांचे मुखवटे करणे अवघड नव्हते, हे खरे. तरी आपल्या मागणीचा हिशेब इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणी मांडला नव्हता.

या मागणीविरुद्ध हट्टाने उभा राहिलेला पुरुष म्हणजे बॉब डिलन. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टर येथे पूर्वार्धात तो आपल्या साध्या गिटारीवर एकटा गाइला. उत्तरार्धात विजेची वाद्ये घेऊन साथीदार आले. जुन्या तबकड्यांवरचा डिलन हवा असलेल्या एका श्रोत्याने त्यास ‘जुडास’ म्हणून, म्हणजे गुरुद्रोही म्हणून, हाक मारली. डिलनने साथीदारांस अधिकच मोठ्याने वाजविण्यास सांगितले. पुढची कथा याहून चमत्कारिक आहे. त्या रात्रीची फीत वर्षानुवर्षे चोरून फिरली, तीही लंडनच्या अल्बर्ट हॉलच्या खोट्या नावाने, आणि १९९८ साली ती रीतसर प्रसिद्ध झाली. आज ती ऐकणारा त्या शिवीचीच वाट पाहत बसतो! नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅट पॉवर या गायिकेने अल्बर्ट हॉलमध्ये तीच सारी गीते त्याच क्रमाने म्हटली, तेव्हा श्रोत्यांतून कोणी तरी पुन्हा ‘जुडास’ अशी हाक घातली. तबकडीविरुद्ध केलेले बंड तबकडीत शिरले आणि त्याचाही पाठ ठरला. एकाचा खरा संताप छप्पन्न वर्षांनी दुसऱ्याचे पाठांतर झाला.

डिलन मात्र आपली गीते रंगमंचावर आजवर अशी काही बदलून गात आला आहे की, अर्धे गीत होईपर्यंत ते कोणते हे ओळखू येऊ नये. चाहते कुरकुरतात; त्याच्या जलशांत अलीकडे श्रोत्यांचे भ्रमणध्वनी पिशवीत कुलूपबंद करून ठेवितात, त्यावरही कुरकुरतात. हाच मनुष्य घरी लोखंडी फाटके घडवितो. जुनी चाके, साखळ्या, हत्यारे यांचे तुकडे वितळजोड करून केलेल्या त्याच्या फाटकांचे प्रदर्शन २०१३ साली लंडनला भरले होते. त्याचे बालपण मिनेसोटातील हिबिंग या लोहखनिजाच्या गावी गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे या छंदाचे नवल वाटत नाही. त्याची फाटके मला त्याच्या काही अलीकडच्या गाण्यांपेक्षा अधिक आवडतात, पण तो माझ्या आवडीचा दोष असेल.

नील यंग याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि म्हणूनच अधिक विचार करण्याजोगी. १९७२ साली त्याच्या तबकडीने अमेरिकेत खपाचा उच्चांक गाठला. पुढल्या वर्षी, मादक द्रव्यांपायी दोन जिवलग साथीदार गमावल्याच्या दुःखात, त्याने इंग्लंडमध्ये दौरा केला आणि बहुतेक सारी नवी, कोणी न ऐकलेली, खडबडीत गीतेच गाइली. आता तुमच्या ओळखीचे गीत म्हणतो, असे सांगून त्याने त्याच रात्री आरंभी म्हटलेले गीत पुन्हा म्हटले, असे सांगतात. यात श्रोत्यांची थोडी क्रूर थट्टा आहे. पण शोकात बुडालेल्या माणसाकडून गेल्या वर्षीचे प्रसन्न गीत मागणे हेही फारसे सौम्य नव्हते.

आणि हाच यंग उत्तम मुद्रणाचा कैवारी! संगणकाच्या सोयीसाठी ध्वनी दाबून लहान केला असता त्याचा प्राण जातो, ही त्याची जुनी तक्रार. एम.पी.थ्री पद्धतीत, कानास बहुधा जाणवणार नाही असा भाग गाळून टाकितात. साधारण प्रतीच्या अशा मुद्रणात चकतीवरील माहितीचा अकरावा हिस्सा तेवढा उरतो. म्हणून त्याने पोनो नावाचे यंत्र काढले. २०१४ साली लोकांनी त्यासाठी साठ लाख डॉलरांहून अधिक रक्कम आगाऊ दिली, आणि २०१७ साली तो व्यवहार आटोपला. सामान्य कानास हा भेद कळतच नाही असे टीकाकार म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे मला अगदीच खोटे वाटत नाही. तथापि यंगची धडपड विसंगत मात्र नाही. मुद्रण जेवढे विश्वासू, तेवढी ती रात्र ‘ती’ रात्र म्हणून राहते. आणि ती तशी राहिली म्हणजे आजच्या रात्रीस निराळी होण्याची मोकळीक मिळते. तबकडी ही साक्षीदार असावी, न्यायाधीश नव्हे. साक्षीदार म्हणून तिचे उपकार फार मोठे आहेत. या लेखात ज्यांची नावे आली त्यांतील एकाचाही जलसा न पाहिलेला, पण ज्याचे सारे तारुण्य त्यांच्या कॅसेटींवर पोसले, असा मनुष्य पुण्या-नागपुरात शोधावा लागत नाही. त्याचे ऐकणे खोटे होते असे कोण म्हणेल?

यंगचाही छंद आगगाड्यांचाच. त्याच्या मुलास जन्मतः मेंदूचा पक्षाघात. हातपाय चालत नाहीत, बोलता येत नाही. त्यास बाप-लेकाच्या खेळात भाग घेता यावा म्हणून यंगने गाड्या दुरून चालविण्याची कळ तयार करविली. मोठे बटण दाबताच मुलाच्या इच्छेने गाडी धावे. या खटपटीतून पुढे १९९५ साली लायोनेल ही खेळगाड्यांची जुनी कंपनी विकत घेणाऱ्यांत तो भागीदार झाला. असल्या मुलांसाठी त्याने व त्याच्या पत्नीने कॅलिफोर्नियातील ब्रिज स्कूल या शाळेस हातभार लावला आणि तिच्या मदतीकरिता जलसे सुरू केले. या जलशांत मोठमोठे रॉक गायक आपली कर्कश यंत्रे बाजूस ठेवून साध्या वाद्यांवर गात. शाळेतील मुले श्रोत्यांत बसत नसत. ती चाकांच्या खुर्च्यांत, रंगमंचावरच, गाणारांच्या पाठीशी बसत. त्यामुळे हजारो लोक समोर असताना गाणाऱ्यास मध्येच पाठ फिरवून मागे वळावे लागे, आणि एखादे गीत पूर्ण मुलांकडे तोंड करून म्हणावे लागे. पैसे मोजून आलेल्या मंडळींस तेवढा वेळ गवयाची पाठ दिसे. त्याबद्दल कोणी फारशी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. १९८६ पासून २०१६ पर्यंत, आरंभीचे एक वर्ष सोडल्यास, हे जलसे दरसाल होत राहिले.